तुळशीच्या आतले बिऱ्हाडकरू

औषधी वनस्पतींच्या मुळांत, खोडांत, पानांत आणि बियांतही जिवाणू राहतात. त्यांना अंतर्वासी जिवाणू म्हणतात. त्यांतले बहुतेक दोन पेशींच्या मधल्या पोकळ्यांत वस्ती करतात, वनस्पतीने तयार केलेल्या अन्नावर जगतात आणि तिला रोग मात्र जडवत नाहीत. मातीतून येणारे बहुधा उपमूळ फुटताना पडलेल्या चिरेतून आत शिरतात, काही पर्णरंध्रांतून, तर काही बियाण्याबरोबरच पुढच्या पिढीत उतरतात.

मातीचा भाग झाशी जिल्ह्याच्या उदाहरणातून पाहू. तिथे तुळस आणि अश्वगंधा शेतातही घेतली जाते. तिथली जमीन एकजिनसी नाही: राकड आणि पडुवा लालसर व हलक्या, काबर आणि मार काळ्या व भारी. माती बदलली की तिच्यातले जिवाणू बदलतात आणि रोपाला मिळणारे बिऱ्हाडकरूही. एकाच जातीच्या दोन मुळ्यांत औषधी द्रव्य कमीजास्त का भरते, याचे उत्तर वाण, पाऊस आणि काढणीच्या वेळेइतकेच या जिवाणूंतही शोधावे लागते. औषधी कोणत्या जमिनीतून घ्यावी, यासाठी सुश्रुतसंहितेत स्वतंत्र अध्याय आहे. त्या काळी जिवाणू ठाऊक नव्हते, जमिनीचा गुण मात्र ठाऊक होता.

हे जिवाणू वेगळे काढताना पान किंवा मूळ अल्कोहोल आणि सोडियम हायपोक्लोराइटने बाहेरून निर्जंतुक करून पाण्याने धुतात, मग कुटून त्याचा रस पोषक थरावर पसरतात. शेवटच्या धुण्याचे पाणीही वेगळ्या थरावर घालून पाहतात. त्यात काही उगवले तर सापडलेला जिवाणू आतला की पृष्ठभागावरचा, हे सांगता येत नाही.

या विषयावरचे बरेच भारतीय काम लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेत, म्हणजे ‘सीमॅप’मध्ये झाले आहे. तुळशीच्या पानांतून मिळालेल्या चार जिवाणूंवरचा तिथला अभ्यास 2010मध्ये प्रसिद्ध झाला; त्यांपैकी काहींनी पाल्याचे उत्पन्न वाढवले. 2013मध्ये सदाफुलीत जिवाणू सोडल्यावर विंडोलिन, अज्मॅलिसिन आणि सर्पेंटाइन ही अल्कलॉइडे वाढलेली दिसली. अफूच्या झाडात तर कामाची वाटणीच आढळली. पानांतले जिवाणू मुख्यतः झाडाच्या वाढीला हातभार लावतात, बोंडांतले अल्कलॉइडांच्या निर्मितीला.

हे घडते कसे? अल्कलॉइडे, अश्वगंधेतली विथानोलाइडे, सुगंधी तेले ही बरीचशी वनस्पतीची संरक्षणाची हत्यारे आहेत. जिवाणूची चाहूल लागताच जॅस्मोनिक आम्लासारखे संदेशवाहक जागे होतात आणि ती द्रव्ये घडवणारी जनुके जोमाने काम करू लागतात. 2018च्या एका अभ्यासात अल्टर्नेरिया बुरशीची लागण झालेल्या अश्वगंधेला बॅसिलस आणि स्यूडोमोनास गटांतले अंतर्वासी जिवाणू दिले, तेव्हा विथानोलाइडे बनवणाऱ्या मार्गाचे नियमन बदलले. दुसरा मार्ग साधा आहे: जिवाणू नत्र व स्फुरद मिळवून देतात, मूळ वाढवणारे ऑक्झिन तयार करतात. रोप मोठे झाले की एकूण औषधी द्रव्यही जास्त मिळते, पण दर ग्रॅममागचे प्रमाण वाढेलच असे नाही. या दोन गोष्टींची गल्लत जाहिरातींत हमखास होते.

कधी कधी ‘वनस्पतीचे’ द्रव्य मुळात जिवाणूचेच निघते. मेटॅन्सीन हे कर्करोगविरोधी संशोधनातले रसायन 1972मध्ये आफ्रिकेतल्या झुडपातून मिळाले. पुढे त्याच कुळातल्या पुटरलिकिया वनस्पतींच्या मुळांत ते अंतर्वासी जिवाणू तयार करतात असे दिसून आले.

प्रयोगशाळेतले यश शेतात टिकवणे अवघड असते. सोडलेल्या जिवाणूला मातीतल्या आणि झाडातल्या आधीच्या वस्तीशी झगडावे लागते. एका वाणाला मानवणारा दुसऱ्याला उपयोगी पडेलच असे नाही. शिवाय अनेक अंतर्वासी जिवाणू पोषक थरावर वाढतच नाहीत. ते फक्त झाडातल्या डीएनएच्या वाचनात सापडतात.