ड्राय सोल्डर म्हणजे काय?
ड्राय सोल्डर (धातूला नीट न धरलेला सांधा) अहिल्यानगरच्या नागापूर एमआयडीसीत असो वा संगमनेरच्या दुरुस्तीच्या दुकानात, सारखाच फसवतो. मीटर लावला की जोड दिसतो, बोर्ड तापला की तुटतो. सोल्डर कमी पडले, या समजुतीने वरून आणखी चढवले जाते. उणीव मात्र बहुधा उष्णतेची किंवा स्वच्छतेची असते. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. पण पिन आणि पॅड (बोर्डावरची तांब्याची टिकली) थंड वा गंजलेले असतील, तर सोल्डर अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे गोळा होऊन राहते. म्हणून आधी फ्लक्स (गंज काढणारा राळयुक्त पदार्थ) लावावा, सोल्डरिंग आयर्नचे (सोल्डर वितळवणाऱ्या तापत्या अवजाराचे) टोक पिन आणि पॅड दोन्हींना एकदम टेकवावे आणि सोल्डरची तार टोकाला नव्हे, तापलेल्या सांध्याला लावावी. नीट बसलेल्या सोल्डरची कड पॅडवर निमुळती उतरते.