डोळ्यातील वीजघर

शिरूर-दौंडकडचे मधुमेही मला विचारतात, "डॉक्टर, दिसतंय चांगलं, मग डोळे कशाला तपासायचे?"

डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, भरपूर प्राणवायू वापरतो. त्याच्या पेशींतील तंतुकणिका म्हणजे जणू वीजघरेच. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की ती बिघडतात. ऊर्जा कमी पडते, बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि पडद्याच्या पेशी मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत. सुरुवातीला ना दुखते, ना धूसर दिसते.

म्हणून मधुमेहींनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासावा. नुसता चष्म्याचा नंबर काढणे पुरेसे नाही. तपासणीनंतर काही तास अंधुक दिसते; मोटारसायकलवर एकटे येऊ नये. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवावेत. वेळीच कळल्यास लेसर वा इंजेक्शनने नजर वाचवता येते.