गाडीची पाटी आणि यंत्राची स्मृति

वाहनावरील क्रमांकाची पाटी दडवून ठेवण्यासाठीं नसते. ती सर्वांनीं वाचावी म्हणूनच लाविलेली असते. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील गाडी 'एमएच ०७' ह्या खुणेवरून कोणासही ओळखतां येते. मग तीच पाटी एखाद्या यंत्रानें वाचली तर बिघडलें कोठें, असा प्रश्न मनांत सहज येईल. त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं हें यंत्र कसें चालतें तें पाहूं.

रस्त्यावरील कॅमेरा जाणाऱ्या प्रत्येक वाहनाचें छायाचित्र घेतो. संगणक त्यांतील पाटी हुडकून अक्षरें व अंक वाचतो, त्यांस स्थळ, दिनांक व वेळ जोडतो, आणि तो क्रमांक चोरीच्या वाहनांच्या यादीशीं ताडून पाहतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ सालीं अशी योजना सुरू झाली. अतिवेग व वाहनचोरी ह्यांस आळा घालण्यास तिचा उपयोग आहे, हें नाकारतां येत नाहीं.

परंतु शिपाई आणि यंत्र ह्यांत एक मोठा भेद आहे. शिपाई शेंकडों गाड्या पाहतो व विसरतो. यंत्र आपण होऊन कांहींच विसरत नाहीं. मालवणची एक गाडी कसाल येथें महामार्गास लागून कुडाळ, सावंतवाडी, बांदा ह्या वाटेनें गोव्यास जाते असें समजा. एका ठिकाणची नोंद फारसें कांहीं सांगत नाहीं. पण वाटेंत जागोजागीं कॅमेरे असले व वर्षभराच्या नोंदी एकत्र मांडल्या, तर गाडीवाला बांबोळीच्या रुग्णालयांत कितीदां जातो, कोणाच्या घरीं उतरतो, कोणत्या सभेस हजर असतो, हें सारें उघड होईल. शिवाय 'ओ' हें अक्षर व शून्य ह्यांत यंत्राची गफलत झाली, किंवा कोणी खोटी पाटी लाविली, तर चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याचा प्रसंग येतो तो वेगळाच.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. सरकारास त्यांत हात घालावयाचा तर कायद्याचा आधार, योग्य हेतु आणि त्या हेतूच्या मानानें बेताचाच उपाय, हीं तीन पथ्यें पाळावीं लागतात. २०२१ सालीं केंद्रीय मोटार वाहन नियमांत भर घालून, कॅमेऱ्याच्या अलीकडे सूचनाफलक लावणें, अपराधाची सूचना १५ दिवसांत धाडणें व चलनाचा निकाल लागेपर्यंत नोंद जपणें, असें ठरविण्यांत आलें. पण ज्यानें नियम मोडलाच नाहीं, त्याची नोंद केव्हां पुसावी, हा प्रश्न उरतोच.

इतर देशांनीं त्याचीं उत्तरें निरनिराळीं दिलीं आहेत. यादीशीं न जुळणारी नोंद तत्काळ व मागमूस न ठेवतां पुसली पाहिजे, असें जर्मनीच्या घटना न्यायालयानें २००८ सालीं सांगितलें. अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर राज्याच्या कायद्यानें त्यास ३ मिनिटांची मुदत घातली. ब्रिटनमधील पोलीस मात्र अशा नोंदी वर्षभर ठेवूं शकतात.

विद्यार्थिमित्रहो, उद्यां तुम्हीही वाहनें चालवाल. यंत्र नको, असें म्हणण्याचें कारण नाहीं. नोंद किती दिवस राहील, ती कोण पाहील, कोणत्या कामासाठीं पाहील व चुकीची दुरुस्ती कोठें मागावी, हें मात्र कायद्यांत स्पष्ट लिहिलेलें असावें, असा आग्रह नागरिकांनीं धरला पाहिजे. अपराध्याचा माग जरूर लागावा. निरपराध्याच्या येण्याजाण्याची वही कोणी ठेवूं नये.