सहलीचा मुक्काम : हॉटेल साधे असावे, पण सुरक्षित

दिवाळीची सुटी संपली की शाळा-महाविद्यालयांत सहलीचे वारे वाहू लागतात. थोड्या खर्चात पुष्कळ पाहायला मिळावे, अशी अपेक्षा असणाऱ्यांच्या यादीत म्हैसूरचे नाव हमखास असते. राजवाडा, चामुंडी टेकडी, १८९२ मध्ये सुरू झालेले प्राणिसंग्रहालय, जवळच श्रीरंगपट्टण आणि वृंदावन बाग. काय पाहायचे, हे ठरवायला वेळ लागत नाही. चाळीस मुले रात्री झोपणार कुठे, हा प्रश्न मात्र शेवटी निघतो आणि 'सर्वांत स्वस्त' एवढ्याच निकषावर सोडवला जातो.

स्वस्त म्हणजे वाईट नव्हे

साध्या हॉटेलात उतरण्यात कमीपणा नाही. अनेक पालक पोटाला चिमटा काढून सहलीचे पैसे भरतात. म्हैसूरमध्ये गांधी चौक आणि धन्वंतरी रस्त्याच्या परिसरात साधी लॉज आहेत. तेथून राजवाडा आणि देवराज मार्केट पायी गाठता येते. गावाबाहेरची स्वस्त खोली बसभाड्यात महाग पडू शकते. दर रविवारी आणि सार्वजनिक सुटीच्या दिवशी संध्याकाळी राजवाड्यावर सुमारे एक लाख दिवे लागतात. मुक्कामात रविवार धरला, तर हा सोहळा मुलांना फुकटात पाहता येतो. दसऱ्याचे दहा दिवस मात्र टाळावेत. तेव्हा गर्दीही वाढते आणि दरही.

भाडे ठरवताना कर धरून विचारावे. जुलै २०२२ पर्यंत हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी नव्हता. आता तो द्यावा लागतो. खोलीचा हिशेब चोवीस तासांचा की दुपारी बारापर्यंतचा, गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळते, हेही आधीच विचारलेले बरे. चाळीस जणांच्या आंघोळी आटपायच्या, तर पहाटेपासून पाळ्या लावाव्याच लागतात.

रात्रीचा विचार

खरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या करोलबाग भागातील एका हॉटेलला आग लागली. पाहुणे झोपेत होते. १७ जण मरण पावले, त्यातले बहुतेक धुराने गुदमरून. एप्रिल २०२५ मध्ये कोलकात्याच्या बडाबाजार भागातील हॉटेलच्या आगीत १४ जणांचा बळी गेला. अशा वेळी जाणत्या माणसांनाही वाट सापडत नाही. मग परक्या गावात, थकून गाढ झोपलेल्या मुलांचे काय?

म्हणून पैसे भरण्यापूर्वी शक्य असेल तर एका शिक्षकाने हॉटेल प्रत्यक्ष पाहून यावे. दुसरा जिना आहे का आणि त्यावर गाद्या, खोकी रचलेली नाहीत ना? खिडक्यांना उघडता न येणारे गज आहेत का? रात्री मुख्य दाराला कुलूप लागत असेल, तर किल्ली कोणाकडे असते? आग विझवण्याची साधने नुसती टांगलेली नाहीत ना? खोल्या शक्यतो खालच्या आणि एकाच मजल्यावर घ्याव्यात. मुलींच्या खोल्यांना लागून शिक्षिकांची खोली असावी.

पोहोचल्यावर सामान ठेवताच मुलांना एकदा जिन्याने खाली-वर फिरवून आणावे. आग लागल्यास लिफ्ट वापरायची नाही, धुरात खाली वाकून सरकायचे आणि बाहेर कुठे जमायचे, हे सांगायला पाच मिनिटे पुरतात. हॉटेलचे नाव, पत्ता आणि ११२ हा मदतीचा क्रमांक प्रत्येकाच्या खिशात असावा. झोपण्यापूर्वी हजेरी घ्यावी.

पन्नास रुपयांचा प्रश्न

अशा हॉटेलसाठी चौघांच्या खोलीमागे रात्रीला दोनशे रुपये जास्त पडले, तरी एका मुलामागे वाढ होते ती पन्नास रुपयांची. तेवढ्यासाठी हवे तर एखादे ठिकाण कमी करावे, पण जिना बंद असलेले हॉटेल घेऊ नये.

पालकांनीही सहलीच्या पत्रकातील 'निवासाची उत्तम सोय' या शब्दांवर समाधान मानू नये. हॉटेलचे नाव विचारावे, ते कोणी पाहिले आहे हेही विचारावे. शिक्षकांनी त्याचा राग मानू नये. चाळीस घरांची मुले त्यांच्या भरवशावर झोपणार असतात.