उसामागून गेलेली भाषा

आमच्या मांजरीत सकाळी फिरायला निघालं, की वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या बाजूला ऊस दिसतो. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत गेलं, इमारती उठल्या. पण गावाची उसाशी असलेली ओळख पुसली नाही. त्यामुळे मॉरिशसला उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच पाहिला, तेव्हा परदेशी आल्यासारखं वाटेचना!

एक दिवस मोकळा मिळाला. कामं किरकोळच होती. घरी पत्र टाकायचं, चपलेचा तुटलेला अंगठा शिवून घ्यायचा आणि पोटभर खायचं. राजधानी पोर्ट लुई पायी फिरावं अशीच आहे. बंदराजवळच्या टपाल कचेरीत पत्र टाकलं. तिथून जवळच आप्रवासी घाट आहे. १८३५ साली तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली, पण उसाच्या मळ्यांना राबणारे हात हवेच होते. म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले जाऊ लागले. पुढच्या काळात सुमारे साडेचार लाख माणसं तिथं उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, साताऱ्याकडची मराठी माणसंही होती. घाटाला २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. पायऱ्या फक्त सोळा. त्या चढून वर आलेल्यांपैकी बहुतेक परत गेलेच नाहीत.

चप्पल शिवून झाली आणि मंडईपाशी पोहोचलो. तिथं खायची गोष्ट म्हणजे ‘ढोल पुरी’. नाव पुरीचं, पण तळणं नाही. पिवळी डाळ शिजवून, वाटून, हळद-जिरं घालून पिठात भरायची, पातळ लाटायची आणि तव्यावर भाजायची. आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीणच म्हणा ना! वर घेवड्याची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी. ती मागायची जोडीनं. एकटी पुरी कुणी मागत नाही. शेजारीच ‘अलुदा’ मिळतो. दूध, सब्जा, चायना ग्रास. म्हणजे आपला फालुदाच. अक्षर गळलं, चव टिकली.

रांगेत एक वृद्ध गृहस्थ भेटले. मी पुण्याचा म्हटल्यावर तोडक्या हिंदीत म्हणाले, “आम्हीही मराठी.” आजीकडून आलेली आरती त्यांनी म्हणून दाखवली. अर्थ नीट ठाऊक नव्हता, घरात क्रिओल बोलतात. मग त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. ते गोंधळले. “मग तुम्ही मराठी कसे?”

त्यांचं चुकलं नव्हतं. तिथल्या जनगणनेत पूर्वजांची भाषा विचारत. मराठी हे तिथं बोलीपेक्षा समाजाचं नाव झालं आहे, आणि तो समाज हिंदू. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. जवळच्या जुम्मा मशिदीत जाणाऱ्यांचे पूर्वज गुजरातकडचे, बिहारकडचे. मी कोणत्याच रकान्यात बसत नव्हतो.

मी म्हटलं, “बाबा, माझी आई मला मराठीतच रागवायची. कविताही त्याच भाषेत सुचते.” त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, “त्या आरतीतल्या शब्दांचा अर्थ सांगाल?” मग कठड्यावर बसून त्यांना गणपतीच्या आरतीचा अर्थ एकेक ओळ मी सांगितला. पुरीच्या जोडीचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत. एक त्यांनी घेतली, एक मला दिली.

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)