शिराळा ते न्हावा-शेवा

सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात रेल्वे नाही. पुणे-मिरज मार्ग पूर्वेला ताकारी, किर्लोस्करवाडीवरून जातो. इथला माल पेठ नाक्यावर पुणे-बंगळूर महामार्गाला लागतो. पुढे न्हावा-शेवा, १९८९पासून सुरू असलेलं बंदर. पण निर्यातीसाठी गुंतवणूक ठरवताना नुसता रस्ता पाहून भागत नाही. सांगली जिल्ह्यातली द्राक्षं युरोपात पोहोचतात, कारण बागेची नोंदणी, औषधांच्या अवशेषांची तपासणी, पूर्वशीतकरण आणि शीतकंटेनर ही साखळी कुठे तुटत नाही. ती सोय द्राक्षं पिकणाऱ्या तासगाव-मिरजेकडे शोभते. शिराळ्याच्या चांदोलीकडच्या पावसाळी पट्ट्यात भात पिकतो. इथे द्राक्षांसाठी शीतगृह बांधणं म्हणजे पैसा अडकवून ठेवणं. भाताला आधी हवी वाळवणीची सोय, प्रतवारी आणि ओल न धरणारं गोदाम.