शस्त्रसंधी आणि कोरियाचे न संपलेले युद्ध

शस्त्रसंधी म्हणजे लढणाऱ्या सैन्यांमधला लेखी करार. त्याने तोफा थांबतात. हद्दी, भरपाई, सत्ता हे प्रश्न पुढच्या तहावर सोडले जातात. नोव्हेंबर 1918 मध्ये जर्मनीशी शस्त्रसंधी झाली आणि जून 1919 मध्ये व्हर्सायचा तह. कोरियात मात्र तो तह आजतागायत झालेला नाही.

कोरियन युद्ध जून 1950 मध्ये पेटले. वाटाघाटी जुलै 1951 मध्ये सुरू झाल्या आणि दोन वर्षे रेंगाळल्या. सीमारेषेचे तुलनेने लवकर जमले. घोडे अडले ते युद्धकैद्यांपाशी. मायदेशी जायला तयार नसलेल्या कैद्याला जबरदस्तीने पाठवायचे का, मुख्यतः या एका मुद्द्यापायी माणसे मरत राहिली. अखेर 27 जुलै 1953 रोजी सकाळी दहाला पानमुन्जोम येथे दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी, एकमेकांशी चकार शब्द न बोलता, इंग्रजी, कोरियन व चिनी प्रतींवर सह्या केल्या. गोळीबार थांबायचा होता रात्री दहाला. मधले बारा तास तोफा धडाडतच होत्या. दक्षिण कोरियाने सही केलीच नाही.

दोन्ही सैन्ये दोन-दोन किलोमीटर मागे सरली आणि मध्ये निर्लष्करी पट्टा तयार झाला. (नावापुरताच निर्लष्करी, त्याच्या दोन्ही कडांना आजही कडेकोट पहारा आहे.) परतायला नकार देणारे 22 हजारांहून अधिक कैदी तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे सोपवले गेले. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, तर कैद्यांवर पहारा देणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात.